टोपलीनं धरलेली जागा

माझं शिक्षण सुरू झालं ग म भ न नं, पण त्याला खरा रंग चढला तो एका पोराच्या कानातून रक्त आल्यावर. ते रक्त मी काढलं होतं, दातांनी. त्या कानाचा मालक आजही कुठे लग्नाकार्यात भेटला की मी त्याला हाताला धरून चार माणसांत उभा करते आणि खूण दाखवते. तोही बिचारा मान तिरकी करून, सगळ्यांना नीट दिसेल असा उभा राहतो. आता त्याच्या नातवंडांनाही ती खूण पाठ आहे.

भांडण जागेवरून झालं होतं. जमिनीच्या जागेवरून नव्हे, त्या भांडणांचे दिवस नंतर आले. शाळेत बसायच्या जागेवरून.

आमचं कोळ्यांचं गाव ऐरोली आणि महापे यांच्या मध्ये, खाडीच्या चिखलात एक पाय टाकून बसलेलं. 'नवी मुंबई' हा शब्द तेव्हा कुणी उच्चारला असता, तर आम्ही विचारलं असतं, 'का, जुनीला काय झालं?' शाळा म्हणजे एक कौलारू खोली, एक मास्तर आणि त्यांच्यासमोर एकदमच बसलेल्या चारही इयत्ता. प्रत्येकानं घरून गोणपाटाचा तुकडा आणायचा, तो अंथरायचा आणि त्यावर बसायचं.

जागेचं महत्त्व आम्हाला शाळेनं शिकवलं नाही, बाजारानं शिकवलं. नाक्यावरच्या आमच्या मासळीबाजाराचा एक कायदा होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, म्हणून कुणी मोडतही नसे. बाईनं टोपली ठेवली की ती जागा तिची. मग बाई आजारी असो, बाळंत असो, नवऱ्याशी भांडून माहेरी गेलेली असो. तिची रिकामी टोपली तिथे असली, की बाईच बसली आहे असं धरायचं. आईमागून ती जागा लेकीला जायची. तुम्ही माणसाला हात लावलात तर चार जण मध्ये पडून मिटवत. टोपलीला हात लावलात, तर मिटवायला आलेलेही बाह्या वर करून हाणामारीत उतरत.

माझी आई त्या कायद्याची पोलीस होती, वकील होती आणि फाशी देणारीही तीच. पिंपळाखालची, बाजाराच्या अगदी तोंडाशी असलेली जागा तिला तिच्या आईकडून आली होती. तिथे एका दलालानं एकदा तिच्या टोपलीला नुसतं कोपर टेकवलं. आईनं हाताशी असलेला जिताडा शेपटीला धरून उचलला आणि त्याच्या कानशिलात हाणला. जिताडा हातभर लांब आणि दगडासारखा जड होता. दलाल गटारात आडवा झाला. आईनं मासा पाण्यानं धुतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला 'ताजा हाय, आत्ताच उडी मारत व्हता' म्हणून विकला.

मी शाळेत जाऊ लागले ते साठीचं दशक. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कारखान्यांचे पाये खणले जात होते. खणायला माणसं लागतात, ती घाटावरून आली. त्यांच्यासाठी पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. कारखाना कुठे, रस्ता कुठे, पाण्याची टाकी कुठे, सगळं कुणीतरी कागदावर आखलेलं होतं म्हणतात. पण माणूस आला की त्याच्यामागून बायको येते, तिच्या कडेवर एक आणि पदराला दोन पोरं असतात, ही गोष्ट आखणाऱ्यांना सुचली नव्हती. कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. पोरं दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात हजर.

मास्तर तळकोकणातले, अंगानं काटकुळे आणि मनानं फार मोठे. दारात आलेल्या पोराला त्यांनी कधी परत पाठवलं नाही. पोरं मांडीला मांडी लावून बसली, मग एकमेकांच्या मांडीवर बसली, मग खिडकीत चढली. आणि एका सकाळी माझ्या गोणपाटावर शेडीतला एक पोरगा ठाण मांडून बसलेला मला दिसला. मी त्याला उठ म्हटलं. तो उठला नाही. मग मी वाकून त्याच्या कानाशी गेले. त्याला वाटलं, काहीतरी गुपित सांगते आहे.

दुपारी त्याची आई आली, डोक्यावर सिमेंटचं घमेलं आणि डोळ्यांत आग. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. आमच्या गावानं तिला त्या दिवसापासून घाटीण म्हटलं आणि तिनं आमच्या सगळ्या गावाला मिळून मासेखाऊ.

"कुनाच्या पोरीनं माज्या पोराचा कान खाल्ला गं?"

आई बाजारातून परतत होती. तिनं टोपली खाली ठेवली. "माज्या. पन आवडला नाय तिला. बघ, अर्धा ठेवलाय."

"मासं खाऊन पोट भरंना, म्हून मानसं खायला लागला व्हय?"

"आनि तुमी गो? डोंगर उतरलात ते थेट माज्या पोरीच्या बुडाखालचं गोनपाट खेचायला?"

यापुढे बोलणं संपलं. घाटिणीनं घमेलं दोन्ही हातांनी फिरवलं, ते आईच्या तोंडावर बसलं आणि आईचे पुढचे दोन दात शाळेच्या पायरीवर येऊन पडले. मी ते उचलून ठेवले होते. आईनं तिचा अंबाडा पकडला, तिला तिच्याच वजनानं खाली ओढलं आणि दाराच्या चौकटीवर तिचं डोकं आपटलं. कपाळ फुटलं. रक्त दोघींच्या लुगड्यांवरून वाहत मातीत गेलं आणि आम्ही पोरं खिडकीला लटकून, कुणी एकीच्या तर कुणी दुसरीच्या नावानं आरोळ्या देत होतो. मास्तर छडी घेऊन मध्ये पडले. छडी मोडली. ती कुणाच्या पाठीवर मोडली यावर पुढे दोघींचा जन्मभर वाद चालला. दोघींनाही तो मान हवा होता.

संध्याकाळी आई मिठाच्या पाण्यानं चुळा भरत ओट्यावर बसली होती. चूळ लाल पडत होती. मी भीत भीत विचारलं, आये, शाळेसाठी एवढं कशाला?

तिनं चूळ थुंकली. "बाजारात मी बसतंय नि गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय. तरी वास घेतंय, नाक मुरडतंय नि मलाच शिव्या देतंय. मास्तर बसतंय, तर सगली उभी ऱ्हातात नि हात जोडतात. मला ती जागा पायजे. माजं वय गेलं. तू बसायचंस तिथं."

माझं शिक्षण कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांची खुर्ची हवी, तर आधी गोणपाट राखायला हवं होतं.

मास्तरांनी वर कळवलं, की खोली पुरत नाही, दुसरी हवी. म्हणून तालुक्याहून साहेब आले. पांढरे बूट, काळी छत्री. आता इथे खाडीची एक गोष्ट सांगायला हवी. पुनव-अवसेला उधाण असतं. पाणी खूप आत येतं आणि ओहोटीला तितकंच लांब हटतं. कोसभर चिखल उघडा पडतो आणि त्यात चिंबोऱ्या, निवट्या नुसत्या वेचायच्या असतात. त्या दिवसांत आमचा सगळा गाव पोराबाळांसकट चिखलात. शेडीतल्या पोरांनाही तोपर्यंत चिंबोरीची चव कळली होती. अष्टमीच्या सुमाराला भांग येतो, म्हणजे पाणी आळसावतं, चिखल उघडा पडत नाही, आणि शाळा अशी भरते की मास्तरांना फळ्यापर्यंत पोचायला पोरं तुडवावी लागतात.

साहेब आले ते नेमके अवसेला.

छत्रीच्या टोकानं त्यांनी डोकी मोजली आणि प्रसन्न झाले. "मास्तर, खोली अर्धी रिकामी आहे. पुढच्या वर्षी दोन-चार मुलं वाढतील असं धरलं, तरी भरपूर झालं."

"साहेब, आज अमावास्या आहे."

"मग? शिक्षक असून तुम्ही भुताखेतांना मानता?"

मास्तरांनी भरती-ओहोटी समजावून सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी बुटांना लागलेला चिखल दाखवला आणि म्हणाले, भरती-ओहोटी मला कळली.

आठवड्यानं भांग आला आणि आमची डोकी फुटायला लागली. मी हे कौतुकानं सांगते, पण ते दिवस खरोखर हिंस्र होते. पोरं कमरेला शिंपल्या खोवून येत, जागेसाठी पोटऱ्या कापायला. खिडकीत बसलेल्या एकाला कुणीतरी मागून ढकललं. तो बाहेरच्या दगडांवर पडला आणि त्याचा हात कोपरात उलटा वळला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, बोय माशाच्या काट्यासारखं पांढरं. त्याच्या किंचाळण्यानं बगळे उडाले. त्या रात्री आमच्या गावातली माणसं वल्ही घेऊन शेडींवर गेली आणि शेडीतली पहारी घेऊन पुढे आली. सकाळी दोन्हीकडे हळद संपली होती.

गावच्या पाटलानं पंच बसवले. पाटील म्हणजे मिशीवर हात आणि प्रत्येक वाक्यावर खाकरणं. त्याचा निकाल असा: घाटावरच्यांशी रोज मारामारी परवडत नाही, खोली मोठी होत नाही, तेव्हा पोरींनी उठायचं. पोरी उठल्या की पोरगे मावतात.

मास्तर म्हणाले, "असं कसं? त्या शिकताहेत."

"मास्तर, तुमी शिकवा. कोनाला शिकवायचं ते आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला वेणीला धरून शाळेत नेलं. माझ्या गोणपाटावर पाटलाचा पुतण्या बसला होता. आईनं त्याला काखेत हात घालून उचललं, दारातून बाहेर ठेवलं, आणि डोक्यावरची रिकामी टोपली गोणपाटाच्या कडेला आदळली.

"ही हितं बसली."

मास्तर म्हणाले, "बाई, ही शाळा आहे. बाजार नव्हे."

"मास्तर, मग बाजार बरा. तिथं बसलेल्या मानसाला कोन उठवीत नाय."

मास्तरांनी टोपलीकडे पाहिलं. मग फळ्याकडे वळून त्यांनी तेराचा पाढा लिहायला घेतला. तेवढ्यानं गावाला कळलं, की मास्तरांनी बाजाराचा कायदा मानला. दोन दिवसांत बाकीच्या पोरींच्या आयाही टोपल्या घेऊन आल्या. आणि त्यांच्या मागून, कपाळाला पट्टी बांधलेली घाटीण.

"मलाबी एक पोरगी हाय. माज्याकडं टोपली न्हाई. घमेलं चालतंय का?"

आईनं जीभ दातांच्या खिंडीतून फिरवली. "चालंल. पन माज्या पोरीच्या गोनपाटाला लागलं ना, तर कपालाची दुसरी बाजू फोडीन."

"फोड की. तुजं दात किती ऱ्हायल्यात तेबी बगू."

घमेलं टोपलीशेजारी बसलं. मध्ये दोन बोटांचं अंतर, मोजून घेतल्यासारखं.

मास्तरांनी पुन्हा वर कळवलं. या वेळी त्यांनी अक्षर फार वळणदार काढलं आणि तिथीही सुचवली. साहेब मात्र कचेरीच्या सोयीनं आले, भर पुनवेला. पोरं चिखलात. मी तेवढी शाळेत, कारण आईनं सांगून ठेवलं होतं, 'जागेवरनं हललीस तर चिंबोरीगत नांग्या मोडीन.' पाटील साहेबांच्या मागे, भाऊबंदांना घेऊन.

साहेब दारात थबकले. सबंध खोली टोपल्यांनी भरली होती. एकीला एक लागून, फळ्यापासून दारापर्यंत, आणि खिडकीतसुद्धा दोन. मधूनमधून घमेली. बायका बाहेर भिंतीला टेकून उभ्या. खोलीला सुक्या बोंबलाचा वास.

"हे काय आहे?"

"पोरं," आई म्हणाली.

"मला टोपल्या दिसताहेत."

"सायेब, बाजारात टोपली दिसली, म्हंजे बाई हाय. हितं टोपली दिसली, म्हंजे पोर हाय. आता चिखलात हाय, भांगाला येल."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी छत्रीचं टोक एका टोपलीकडे केलं. "ही कुणाची?"

एक बाई पोटावर हात ठेवून पुढे आली. "माजी. अजून पोटात हाय."

"आणि ही?"

"माज्या लेकीची," दुसरी म्हणाली. "हळद लागलीय. वर्साभरात व्हईलच की."

"अहो, जन्माला न आलेल्या मुलांना मी जागा कशी देऊ?"

घाटीण पाठीमागून ओरडली, "मग कवा देनार? म्हातारी झाल्यावर?"

बायका हसल्या. साहेबही हसतील असं वाटलं, पण त्या हसण्यात पाटलाची मिशी थरथरली. त्याला वाटलं, आपल्या गावाची आणि आपली अब्रू साहेबांसमोर चालली. तो आत शिरला, त्यानं मला दंडाला धरून गोणपाटावरून उचललं, आणि आईच्या टोपलीला लाथ मारली. टोपली गडगडत दाराबाहेर गेली.

पाटील कोळीच होता, बाजारातच वाढलेला. आपण काय केलं, ते त्याला लाथ खाली येण्याआधीच कळलं असणार, कारण त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले.

उपयोग झाला नाही. आईनं भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं आणि डोकं सोडून खांद्यावर हाणलं. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तिवराची वाळलेली फांदी मोडावी तसा. पाटलाचे भाऊबंद आत घुसले. घाटिणीनं पहिल्याच्या तोंडावर घमेलं घातलं. आईच्या दातांवर तिचा सराव झालेला होता. मग बायका आत, चिखलातून धावत आलेले पुरुष आत, सगळा कल्लोळ. टोपल्यांच्या कामट्या फुटून गालांत घुसत होत्या. कुणाचं तरी नाक चपटं झालं. कुणीतरी माझ्या पायावर रक्त थुंकलं. मास्तर फळ्याला पाठ लावून, 'शांतता! शांतता!' असं वर्गाला ओरडायच्या स्वरात ओरडत होते, आणि एक वल्हं त्यांच्या बरगडीत बसल्यावर तेही गप्प झाले. मी एका दंडाला चावले. तो आमच्याच बाजूचा निघाला.

साहेब मास्तरांच्या टेबलाखाली शिरले होते. डोक्यावर त्यांनी एक टोपली उपडी घेतली होती. कामट्यांतून त्यांचे डोळे दिसत होते. नेमकी तीच टोपली, पोटातल्या पोराची. तिच्या मालकिणीनं टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सायेब, जागा बरी हाय ना? ऱ्हावा."

सगळे दमल्यावर मारामारी थांबली. साहेब बाहेर आले, केसांत खवले. त्यांनी छत्री शोधली, ती मोडली होती. दाराशी मास्तरांना म्हणाले, "या गावाला खोली दिली नाही, तर मसणवट वाढवून द्यावी लागेल. खोली स्वस्त पडेल." आणि पायरी उतरताना वळून, "मोठीच बांधू. ती पोटातली धरून."

खोली मंजूर झाली. पण पाटलाचं हाड मोडलं होतं आणि ते बाईनं मोडलं होतं. पंच पुन्हा बसले. पाटील हात गळ्यात अडकवून बसला, आणि खाकरला की कळवळायचा. टोपलीला लाथ मारली हा त्याचा गुन्हा पंचांनी कबूल केला. त्यानं आईला नवी टोपली द्यावी असं ठरलं. पाटलावर हात टाकला हा आईचा गुन्हा. त्याला आमच्यात शिक्षा एकच: टोपली उचलायची.

सगळ्यात म्हातारा पंच म्हणाला, "दोन ठिकानी तुजी टोपली हाय. एक बाजारात, एक शालेत. एक उचलायची. कोनती, ते तू सांग."

मी आईकडे पाहिलं नाही. मला पिंपळाखालची ती जागा दिसत होती, आजीच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला दगड. शाळेतलं माझं गोणपाट मला एकाएकी फार फाटकं वाटलं.

आई उठली, पदर खोचला आणि बाजाराच्या वाटेला लागली. सगळा गाव मागे. पिंपळाखालची टोपली तिनं स्वतः उचलून डोक्यावर घेतली. पाटलासमोरून जाताना थांबली. "नवीन टोपली चांगली विनून घे. मला आता लांब फिरायचं हाय."

त्यानंतर ती दारोदार फिरून मासळी विकायची, पत्र्याच्या शेडींमधून, उन्हात. पहिलं गिऱ्हाईक घाटीण. रोज सकाळी तिच्या दारातून आरडाओरडा ऐकू यायचा. मासा शिळा की ताजा, यावरून एकदा दोघींनी एकमेकींना तोच मासा फेकून मारला. पण दुसरीकडून मासळी घाटिणीनं कधी घेतली नाही.

आता आमच्या गावाला चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढलं आहे. म्हणे, प्रत्येक सेक्टरात शाळेचा भूखंड पोरं येण्याआधीच राखून ठेवतात. ऐकून बरं वाटतं. मी मात्र येता-जाता त्या भूखंडांकडे बघते, कुणी टोपली ठेवली आहे का.

त्या मारामारीनंतर बऱ्याच वर्षांनी त्याच शाळेच्या मोठ्या खोलीत मी मास्तरीण म्हणून पहिल्या दिवशी गेले. पोरं उभी राहिली, हात जोडले. मी खुर्चीवर बसले. तेवढ्यात दारात सावली आली. डोक्यावर टोपली, घामानं निथळलेली, पुढचे दोन दात नसलेली माझी आई. ती आत आली नाही. चौकटीला धरून बघत राहिली. मला राहवलं नाही, मी उठायला लागले.

"बस खाली!" ती गरजली, तशी पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. "उठलीस तर तंगडी मोडीन."

मी बसले.